समोरची नंबर प्लेट काचेत ठेवली म्हणून ५०० चं चलन. लढावं की भरून सोडावं?

वडगावचा_आप्पा | रविवार रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडची लोकं आहेत म्हणून इथं विचारतोय.

दोन आठवड्यांपूर्वी खानापूर रोडला एका म्हशीनं माझ्या वॅगनआरचा समोरचा बंपर घेतला. म्हैस बरी आहे, मालकानं वर मलाच शिव्या दिल्या ते वेगळं. बंपर गॅरेजात दिला, चार दिवसात देतो म्हणाला, आज बारावा दिवस. आता बंपरच नाही म्हटल्यावर नंबर प्लेट लावायची कुठं? म्हणून ती आतनं डॅशबोर्डवर काचेला टेकवून उभी केली आणि वर सेलोटेप मारला. बाहेरनं दिसते की, मी स्वतः उतरून बघितलंय.

काल सकाळी एका सिग्नलला साहेबांनी हात केला. "साइडिगे हाकरी." घेतली साइडला. "मुंदिन नंबर प्लेट एल्लि री?" म्हणजे पुढची नंबर प्लेट कुठं? मी काचेकडं बोट दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, मग काचेवर हाताची सावली करून बघितलं, मशीनवर टकटक केलं आणि ५०० म्हणाले. मी म्हटलं साहेब बंपर गॅरेजात आहे, गॅरेजवाल्याला फोन लावून देतो, खरं ते काय ऐकायच्या मूडमध्ये नव्हते. मग मी पण तापलो. भरत नाही, कोर्टात बघू म्हटलं. त्यांनी शांतपणे पावती फाडून हातात दिली आणि मागच्या टेम्पोला हात केला. पावती कानडीत. बोलायला मला येतं, वाचायचं म्हटलं की अक्षरं जुळवत बसावं लागतंय, तशीच खिशात घातली.

तर प्रश्न असा, काचेमागं प्लेट ठेवलेली कायद्यानं चालते की नाही? आणि चलनाच्या विरोधात जायचं तर कुणाकडं जायचं? नव्या गाड्यांना तो तिसरा नंबरचा स्टिकर काचेच्या आतनंच असतोय, तो चालतोय मग माझी प्लेट का चालत नाही हे मला कुणी तरी सांगा.


टिळकवाडी_तिसरं_गेट | रविवार रात्री १०.०५

भरून सोड भावा. ५०० रुपयासाठी कोर्टात गेलास तर पार्किंग आणि चहालाच ५०० जातील.


कुंदा_पाव_किलो | रविवार रात्री १०.११

म्हशीचा नंबर घेतलास काय? पुढनं मागनं दोन्हीकडनं घ्यायचा असतोय.


गल्लीतला_वकील | रविवार रात्री ११.३०

आप्पा, सरळ सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. कायदा तुझ्या बाजूनं नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ५०. नंबर गाडीच्या पुढं आणि मागं, दोन्हीकडं, स्पष्ट आणि वाचता येईल असा पाहिजे. प्लेटचं मापसुद्धा दिलेलं आहे, कारला ३४० बाय २०० मिलिमीटर नाहीतर ५०० बाय १२०, दुचाकी-तीनचाकीला २०० बाय १००. अक्षरांची उंची-जाडी नियम ५१ मध्ये, कारला उंची ६५ आणि जाडी १० मिलिमीटर. यात कुठंही 'बंपर असेल तर' असं लिहिलेलं नाही. काचेमागं टेकवलेली प्लेट म्हणजे गाडीवर लावलेली प्लेट नव्हे, ती गाडीत ठेवलेली वस्तू झाली. तुझ्या पाण्याच्या बाटलीसारखी.

तिसऱ्या स्टिकरचं म्हणशील तर तो पुढच्या-मागच्या प्लेटच्या बदल्यात नाही, त्यांच्याशिवाय वर आणखी एक आहे. चोरट्यानं प्लेट बदलली तरी काचेवरचा राहावा म्हणून. त्याचा रंग बघितलास काय, पेट्रोल आणि सीएनजीला फिक्कट निळा, डिझेलला केशरी.

आता दंड. बहुतेक मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लावलं असणार, जिथं वेगळी शिक्षा सांगितलेली नाही तिथलं हे सर्वसाधारण कलम. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळेला १०० होते, आता ५००, आणि परत सापडलास तर १५००. आणि हे 'पर्यंत' आहे, म्हणजे पहिल्या वेळेला कोर्टपण ५०० च्या वर जाऊ शकत नाही. म्हणून कोर्टात गेलो तर पाच हजार बसवतील ही जी लोकांची भीती असते ती या कलमापुरती तरी खोटी.

विरोध करायचा तर जागेवर भरायचं नाही, ते तू केलंसच. केस मॅजिस्ट्रेटकडं जाते, समन्स येतो. कबूल केलास तर दंड भरून पाच मिनिटात बाहेर. नाकबूल केलास तर तारीख पडते आणि साहेबांना येऊन सांगावं लागतं. आणि नुसत्या दंडाचाच गुन्हा असला तर कोर्टानं सहा महिन्याच्या आत दखल घ्यावी लागते, पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेत तेच ५१४ झालंय.

पण लढायचं तर काहीतरी मुद्दा पाहिजे ना. प्लेट जागेवर नव्हती हे तू स्वतःच इथं चारशे लोकांसमोर लिहून बसलायस.

ता. क. ती पावती एकदा नीट वाचून घे. नंबर, तारीख, कलम. मी कुणाचीही केस घेताना आधी पावती बघतो.


वडगावचा_आप्पा | रविवार रात्री ११.४२

बाटलीसारखी? एवढं पण काय नको वकीलसाहेब. माझं म्हणणं एकच, वाचता येत होती.


निपाणीचा_नाना | सोमवार सकाळी ७.१५

वाचता येणं आणि बरोबर वाचता येणं यात फरक आहे. माझी गोष्ट ऐका.

माझ्याकडं जुनी ओम्नी आहे, केए २३ पासिंग, तंबाखूची बाचकी आणि अधनंमधनं बायको एवढ्यासाठीच वापरतो. एक दिवस मोबाइलवर मेसेज, हेल्मेट न घातल्याबद्दल ५०० दंड. ओम्नीत हेल्मेट! घरात चेष्टा सुरू झाली, पोरगं म्हणालं बाबा आता सीट बेल्टच्या वर हेल्मेट घालून बसा.

मेसेजमधल्या लिंकवर फोटो होता. मोठा करून बघितला तर स्कूटरवर दोन पोरं, ठिकाण मी वर्षभरात न गेलेलं, आणि पुढच्या प्लेटवर ७ असा काढलेला की वरची दांडी निम्मी पुसलेली. मशीननं त्याचा १ केला आणि १ म्हणजे मी. ई-चलनच्या साइटवर तक्रारीची सोय आहे, तिथं चलन नंबर घातला, माझ्या आरसीचा फोटो आणि ओम्नीचा पुढनं-मागनं फोटो जोडला, 'वाहन चारचाकी आहे, फोटोतलं दुचाकी आहे' एवढं एकच वाक्य लिहिलं. काही आठवड्यांनी चलन निघून गेलं. एक पैसा लागला नाही, कोर्ट नाही, वकील नाही.

म्हणून चूक खरोखर त्यांची असेल तर जरूर लढा. खरं तुझ्यासारखं 'होय प्लेट नव्हती खरं म्हैस होती' म्हणून लढायचं काय?


गोआवेस_इलेक्ट्रॉनिक्स | सोमवार सकाळी ९.२०

नानांचं बरोबर आहे. कॅमेऱ्याचं चलन आणि रस्त्यावर हातानं केलेलं चलन ही दोन वेगळी प्रकरणं आहेत हे लक्षात घ्या. कॅमेऱ्याच्या चलनाला नियम १६७अ आहे, ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पाठवायला पाहिजे, यंत्राला राज्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याचा दाखला पाहिजे आणि तो दरवर्षी नवा करायला पाहिजे, कॅमेरा असलेल्या रस्त्याला आधी तसा फलक पाहिजे. या गोष्टी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आप्पाला माणसानं पकडलंय, त्यामुळं हे त्याला लागू नाही.

आणि काचेमागची प्लेट का चालत नाही ते तांत्रिक भाषेत सांगतो. एचएसआरपीचा, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा, पत्रा परावर्तक असतो, म्हणजे उजेड जिकडनं आला तिकडंच परत फेकतो, म्हणून रात्री लांबून झगझगीत दिसतो. मध्ये तिरकी काच आली की काचेवर आकाश दिसतं, समोरच्या दुकानाचा बोर्ड दिसतो, आणि त्याच्या मागं कुठंतरी तुमचा नंबर. आपण उतरून जवळ जाऊन बघतो तेव्हा दिसतो, कारण आपल्याला तो आधीच पाठ असतो.

आप्पा, बंपर काढताना स्नॅप लॉक, म्हणजे प्लेट गाडीला पक्की करणारा खिळा, तोडूनच प्लेट काढली असणार. तो एकदाच बसतो. आता साध्या स्क्रूवर लावशील तर परत कोणीतरी अडवेल, डीलरकडं जाऊन नीट करून घे.


शहापूरची_सून | सोमवार सकाळी १०.०२

आमच्याकडं तर दरवर्षी खंडेनवमीला हा तमाशा असतो. सासरे गाडी धुतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूची एवढी मोठी माळ बॉनेटवरनं खाली सोडतात की पुढचा नंबर पूर्ण झाकतो. मी म्हटलं मामंजी नंबर दिसत नाही, तर म्हणतात आज कोण पकडतंय, पोलीस स्टेशनातपण पूजाच चाललेली असते. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर चार दिवस माळ तशीच, वाळून काळी झालेली, आणि वर त्या लिंबू-मिरचीचा दोरा बरोबर शेवटच्या आकड्यावर. ह्यांना थांबवलं. ह्यांनी उतरून माळ काढली, लिंबू खिशात घातलं, आणि कुंकवाचा जो ठिपका ० च्या मध्ये लागला होता तो रुमालानं पुसला तर रुमाल लाल आणि ० चा झाला ८. शेवटी पाणी ओतून धुतला नंबर. सोडलं त्यांनी, हसत हसत सोडलं. लिंबू मात्र दुपारपर्यंत खिशात होतं.


कुंदा_पाव_किलो | सोमवार सकाळी १०.१०

दृष्ट लागू नये म्हणून लिंबू, आणि पोलिसाची दृष्ट त्याच लिंबावर.


जुनी_बुलेट | सोमवार दुपारी १.३५

पुढच्या प्लेटचा विषय निघालाच आहे तर. माझ्याकडं वडिलांची बुलेट आहे, पुढच्या मडगार्डवर उभी, सुऱ्यासारखी पट्टी, दोन्ही बाजूंनी हातानं रंगवलेला नंबर. म्हणजे समोरनं बघितलं तर नुसती पत्र्याची धार दिसते, नंबर वाचायचा तर बाजूनं. इंग्रजांकडनं आलेली पद्धत. तिथं त्यांनी १९७५ मध्येच दुचाकीची पुढची प्लेट सक्तीची राहू दिली नाही.

आपल्या नियम ५० मध्ये आता स्पष्ट आहे, मोटारसायकलचा पुढचा नंबर हँडलला समांतर पाहिजे, समोर तोंड करून, हवं तर मडगार्डवर, पण गाडीच्या लांबीच्या रेषेत लावलेल्या पट्टीवर नको. मी ती पट्टी काढून घरात शोकेसमध्ये ठेवली आणि हेडलाइटखाली नवीन लावली. काढताना जिवावर आलं. त्या पट्टीवरचा ९ वडिलांनी स्वतः काढलेला, थोडा वाकडा.


चंदगडी | सोमवार दुपारी ३.००

तुमचं सगळं ठीक आहे, आमचं ऐका. मी शिनोळीचा, गाडी एमएच ०९. दुकान बेळगावात, रोज सकाळी बाचीवरनं खाली आणि रात्री परत. पुढची प्लेट आहे, मागची आहे, एचएसआरपी आहे, काचेवर स्टिकर आहे, तरी आठवड्यातनं एकदा हात होतोच कारण पुढच्या प्लेटवर एमएच दिसतंय. "इथं किती दिवस आहे गाडी?" साहेब रोज रात्री गाडी महाराष्ट्रात झोपते, मी पण तिथंच झोपतो.

कलम ४७ प्रमाणं दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. माझी १२ तास पण सलग राहत नाही. हे पटवायला मी शिनोळीचं लाइट बिल गाडीत ठेवतो. पुढचं पाऊल म्हणजे अंथरूण ठेवणार.


टिळकवाडी_तिसरं_गेट | सोमवार दुपारी ३.२०

बीएच सिरीज घे की, देशभर चालणारा नंबर.


चंदगडी | सोमवार दुपारी ३.२६

ती २०२१ पासनं आहे खरं सरकारी नोकरदार, लष्करवाले नाहीतर चार राज्यांत ऑफिस असलेल्या कंपनीतल्यांना मिळते. माझ्या दुकानाची एकच शाखा, ती पण भाड्यानं.


सीमेवरचा_मावळा | सोमवार सायंकाळी ६.४०

मूळ दुखणं कुणीच बोलत नाही. पावती कानडीत का? आपल्या नंबर प्लेटवर मराठी आकडे असले तर लगेच दंड, आणि कानडी आकडे लावून किती गाड्या बिनधास्त फिरतायत ते बघा. मी माझ्या गाडीवर देवनागरीतच नंबर लावला होता अभिमानानं, दोनदा भरलेत पैसे.


गल्लीतला_वकील | सोमवार सायंकाळी ७.०५

पावतीबद्दल तुमच्याशी सहमत, आपल्याला वाचता येईल अशी पावती मागण्यात काही चूक नाही. प्लेटबद्दल नाही. नियम ५० म्हणतो, अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय. देशभर एकच. कोल्हापुरातपण मराठी आकड्यांवर दंड आहे आणि बंगळुरात कानडी आकड्यांवर आहे. त्यांना कुणी पकडत नाही हा तुमचा बचाव होऊ शकत नाही. मराठी पाहिजे तर मागच्या काचेवर पाहिजे ते लिहा, नंबरची पाटी सोडा.


सीमेवरचा_मावळा | सोमवार सायंकाळी ७.१२

म्हणजे कायदा बरोबर, आम्हीच चूक. वा.


निपाणीचा_नाना | सोमवार सायंकाळी ७.३०

मावळे, रागावू नका खरं माझ्या ओम्नीला ज्याच्यामुळं हेल्मेटचा दंड बसला त्या प्लेटवर आकडे कलाकुसरीचे होते. ८०५५ चं बॉस करणारे, ४१४१ चं दादा करणारे, सगळे त्यातलेच. दादा होतोय एक आणि मेसेज येतोय दुसऱ्याला.


कट्ट्याचा_राखणदार (संपादक) | सोमवार सायंकाळी ७.४५

भाषेचा विषय इथं थांबवू या, त्याला वेगळा धागा आहे आणि तो आधीच ६०० प्रतिसादांवर गेलाय. नंबर प्लेटवर बोला.


फ्रीमाँटचा_बेळगावकर | मंगळवार पहाटे ५.५०

इथनं (कॅलिफोर्निया) सांगतो, हेच रडगाणं इथंपण आहे. अमेरिकेत पुढची प्लेट प्रत्येक राज्याचा वेगळा विषय. पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, मिशिगन, तिथं नुसती मागची पुरते. ओहायोनं जुलै २०२० पासनं पुढची काढून टाकली, युटानं जानेवारी २०२५ पासनं. आमच्याकडं आणि टेक्सासात दोन्ही लागतात. मोटारसायकलला कुठंच पुढची नाही.

मी नवीन गाडी घेतली तेव्हा पुढच्या बंपरला भोक पाडायला जीव होईना, म्हणून प्लेट डॅशबोर्डवर ठेवली. आप्पा, तुझाच भाऊ. तिकीट मिळालं. खरं इथं एक गोष्ट चांगली आहे, अशा तिकिटाला 'फिक्स-इट तिकीट' म्हणतात. प्लेट नीट लावायची, पोलिसाला दाखवून त्याची सही घ्यायची, कोर्टात २५ डॉलर भरायचे, संपलं. शिक्षा करण्यापेक्षा दुरुस्त करून घेण्यावर भर. आणि वेगाबिगाचं तिकीट लढवायचं असेल तर कोर्टात न जाता लेखी म्हणणं पाठवता येतं, दंडाची रक्कम आधी ठेव म्हणून भरायची, मग तुम्ही लिहायचं, पोलिसानंही लिहायचं, जज्ज दोन्ही वाचून ठरवतो. हरलात तर परत नव्यानं समोर उभं राहून सुनावणी मागता येते. मी एकदा लिहिलं होतं, चार पानं. हरलो. बायको म्हणाली एवढं चांगलं इंग्रजी तू ऑफिसात लिहिला असतास तर प्रमोशन मिळालं असतं.


टिळकवाडी_तिसरं_गेट | मंगळवार सकाळी ८.१५

आपल्याकडं फिक्स-इट नाही, 'थांब की' आहे. थांबलास की सूट येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११ तारखेपर्यंत निम्म्यात मिटवलं होतं सरकारनं, परत २०२५ मध्ये २३ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर निम्मी सूट. माझ्या मेव्हण्याची सगळी चलनं अशीच सुटीच्या सेलसारखी गेली. म्हणून माझा सल्ला बदलतो, भरू नकोस, थांब.


गल्लीतला_वकील | मंगळवार सकाळी ८.४०

आणि सूट नाही आली तर समन्स येईल. असले सल्ले मेव्हण्यापुरतेच ठेवा.


शहापूरची_सून | मंगळवार सकाळी ११.००

आप्पा गायब झाले. बंपर आला वाटतं.


वडगावचा_आप्पा | मंगळवार रात्री ९.१५

गायब नाही, पेचात आहे. ऐका.

काल रात्री म्हटलं बघू या ऑनलाइन चलन दिसतंय काय. माझा गाडी नंबर घातला, ओटीपी घातला, तर म्हणतंय या वाहनावर एकही चलन नाही. परत घातला. नाही. मी खूश, म्हटलं साहेबांनी दया केली, नुसती भीती घातली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली पावती आण. तिचं शिक्षण कानडीतनं झालंय. ती वाचायला लागली, आणि मी पण तिच्या खांद्यावरनं अक्षर अक्षर जुळवत होतो, द्वि... च... क्र... द्विचक्र वाहन. मी म्हटलं हे द्विचक्र कोण?

मग वरचा नंबर नीट बघितला. नंबर इंग्रजीतच आहे, तो वाचायला मला कानडी लागत नव्हती, मी बघितलाच नव्हता एवढंच. माझ्या नंबरात ३ आहे, तिथं ८ टाकलाय. बाकी सगळं बरोबर. साहेबांनी हाताची सावली करून जो वाचला तो ८ वाचला. म्हणजे माझं चलन केए २२ मधल्या कुठल्या तरी मोटारसायकलवर पडलंय. त्या बिचाऱ्याला आता मेसेज गेला असणार, पुढची नंबर प्लेट नाही म्हणून ५००.

आता काय करू?


टिळकवाडी_तिसरं_गेट | मंगळवार रात्री ९.१८

काय करू म्हणजे? गप बस. देवानं दिलंय.


कुंदा_पाव_किलो | मंगळवार रात्री ९.२१

"वाचता येत होती." हा हा हा हा


गोआवेस_इलेक्ट्रॉनिक्स | मंगळवार रात्री ९.३०

मी काल सकाळीच लिहिलंय, नंबर दिसतो कारण आपल्याला पाठ असतो. साहेबांना पाठ नव्हता.


निपाणीचा_नाना | मंगळवार रात्री ९.४५

गप बस म्हणणाऱ्यांना एक सांगतो. तो दुचाकीवाला म्हणजे मी आहे. ओम्नीवर हेल्मेटचं चलन आलं तेव्हा ज्या पोराची चूक होती त्याला कळलं असतं तर तो पण हसून झोपला असता. माझ्याकडं निदान फोटो होता, दुचाकी आणि चारचाकी असा फरक दाखवता आला. ह्या माणसाला हातानं केलेलं चलन आहे. तो काय सांगणार, मी तिथं नव्हतो? सगळे तेच सांगतात. आप्पा, तू जा आणि सांग.


गल्लीतला_वकील | मंगळवार रात्री १०.१०

पावती वाच म्हणून मी रविवारीच सांगितलं होतं, ते सोडा.

कायद्यानं बघितलं तर तुझ्या गाडीवर आज काहीच नाही, तुझ्यावर बळजबरी नाही. पण नाना बोलतात ते बरोबर. पावती आणि आरसी घेऊन ज्या ठाण्याची ती पावती आहे तिथं जा, लेखी दे, चलन नंबर घाल, 'माझ्या वाहनाऐवजी दुसऱ्या वाहनाचा क्रमांक नोंदला गेला आहे' एवढं पुरे. पोच घे. आणि जाताना प्लेट काहीही करून बाहेर लाव, तारेनं बांध पण बाहेर.


सीमेवरचा_मावळा | मंगळवार रात्री १०.३०

आणि अर्ज मराठीत दे.


वडगावचा_आप्पा | गुरुवार दुपारी २.२०

जाऊन आलो. अर्ज मराठीत मी लिहिला, खाली कानडीत बायकोनं. दोन्ही घेतले, शिक्का मारून पोच दिली.

तिथं बसलेल्या साहेबांना पहिल्यांदा कळेचना. दंड कमी करा म्हणून लोक येतात, माझा दंड दुसऱ्यावर पडलाय तो मला द्या म्हणून आलेला माणूस त्यांनी बघितला नव्हता. दोघा-तिघांना बोलावून दाखवलं मला. ते दुचाकीचं चलन रद्द करायला वर पाठवतो म्हणाले. मग बाहेर येऊन गाडी बघितली. प्लेट ग्रिलला तारेनं बांधलेली होती, वकीलसाहेबांनी सांगितल्यासारखी, एका बाजूनं जरा उतरती. साहेबांनी बोटानं सरळ केली, ती परत उतरली.

"आवत्तु?" म्हणजे त्या दिवशी कशी होती? मी खरं सांगितलं, काचेत होती. ५०० भरले. या वेळी मशीनवर नंबर मी स्वतः एकेक आकडा मोठ्यानं सांगितला आणि पावती तिथंच उभं राहून पूर्ण वाचली. चारचक्र वाहन आहे.


निपाणीचा_नाना | गुरुवार दुपारी २.४०

शाब्बास. निपाणीला आलास की ओम्नीतनं फिरवतो. हेल्मेट मी देतो.


शहापूरची_सून | गुरुवार दुपारी ३.०५

सगळं झालं, बंपर आला काय?


वडगावचा_आप्पा | गुरुवार दुपारी ३.०९

चार दिवसात देतो म्हणालाय.